एका इंचात वीस रेघा

थर्मन गॉसच्या यादीत एव्हरेट स्लोनचं नाव लागलं तेव्हा तो सत्तावन्न वर्षांचा होता. नंबर आला तेव्हा सदुसष्ट. मधल्या दहा वर्षांत दर जानेवारीला आर्कान्सा राज्यातून एक पोस्टकार्ड यायचं. त्यावर पेन्सिलीने एवढंच लिहिलेलं असायचं, 'तुम्ही अजून यादीत आहात. गॉस.' एव्हरेट ते कार्ड फ्रिजच्या दारावर लावायचा आणि मागच्या वर्षीचं काढून ड्रॉवरमध्ये ठेवायचा. त्याची बायको आयलीन म्हणायची, "माझ्या सख्ख्या बहिणीच्या नाताळच्या कार्डाला इथे जागा नाही, पण या माणसाच्या पेन्सिलीला आहे."

मी मर्ल. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि आता काहीच चालवत नाही, म्हणजे माझी स्वतःची गाडी सोडून. एव्हरेट काउंटीचा सर्व्हेअर होता. आमच्या भागातली निम्मी शेतं त्याने मोजलेली आहेत. आमची ओळख नेमबाजीच्या क्लबातली. सलायना गावाच्या बाहेर जुन्या दगडखाणीत आमचा क्लब आहे, आणि दर शनिवारी सकाळी आम्ही सात-आठ म्हातारे तिथे जमतो. तासभर कागदी वर्तुळांवर गोळ्या झाडायच्या आणि मग खोलीत येऊन कॉफी घ्यायची. खरं सांगायचं तर आमच्यातले बरेच जण कॉफीच्या वेळेसाठीच येतात, कारण तेव्हा टेबलावर हिरवं कापड अंथरलं जातं आणि ज्याने त्याने आपलं पिस्तूल त्यावर ठेवायचं असतं. रिकामं, स्लाइड म्हणजे वरचा सरकता भाग मागे ओढलेला. उचलणाऱ्याने आधी आत बोट घालून नळी रिकामी आहे हे शेजाऱ्याला दाखवायचं, मगच हातात खेळवायचं. हा नियम मोडणाऱ्याला कॉफी मिळत नाही.

बाहेरच्या माणसाला ती सगळी पिस्तुलं सारखीच वाटतील. सगळी पोलादी, सगळी पंचेचाळीस बोरची, सगळ्यांचा घाट शंभर वर्षांपूर्वीचा. पण घाट एकच असला म्हणजे हात एकच असतो असं नाही. कारखान्यातून निघालेलं पिस्तूल हलवलं तर आतले भाग किंचित खुळखुळतात. तेच एखाद्या चांगल्या कारागिराकडे वर्षभर राहिलं की स्लाइड आणि खालची चौकट एकमेकांवर अशी बसते की मधे हवासुद्धा मावत नसेल असं वाटतं, आणि तरी ती मागे ओढताना बोटांना अडथळा म्हणून लागत नाही. चाप दाबताना तो कुठे सुटतो ते आधी कळतं. कडा सगळ्या घासून बोथट केलेल्या, पण घासलेल्या दिसत नाहीत. आणि मुठीच्या पुढच्या अंगाला, जिथे बोटं गुंडाळली जातात, तिथे कानशीने हाताने घासलेल्या उभ्याआडव्या बारीक रेघा. एका इंचात तीस. प्रत्येक चौकोनाचं टोक हिऱ्यासारखं सारखं. या तीस रेघा म्हणजे कारागिराची सही. गॉस वर्षाला आठच पिस्तुलं करायचा आणि त्याच्या तीस रेघांसाठी देशभरचे लोक दहा-दहा वर्षं थांबायचे.

एव्हरेटने गॉसचं काम पहिल्यांदा हातात घेतलं ते वीडमनचं. वीडमन आमच्या गावचा दाताचा डॉक्टर. त्याच्याकडे असली चार पिस्तुलं आहेत आणि खिशात कायम एक भिंग. त्या दिवशी एव्हरेट बराच वेळ काही बोलला नाही. वीडमनने विचारलं, "झोपलास का रे?" तेव्हा तो म्हणाला, "आयुष्यभर चुका मोजण्यावर पोट भरलं. यात मोजायला काही सापडेना." दुसऱ्या दिवशी त्याने यादीत नाव घातलं.

दहाव्या वर्षी फेब्रुवारीत त्याला अर्धांगवायूचा झटका आला. सकाळी बूट घालताना उजवा हात नाडी धरेना. आयलीनने वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून चालणं, बोलणं सगळं परत आलं, पण उजव्या हाताची पकड आली नाही. बोटं वळायची, दाबायची नाहीत. मे महिन्यापासून तो पुन्हा क्लबात यायला लागला. झाडायचा नाही. कॉफी घ्यायचा, हिरव्या कापडावरचं एखादं पिस्तूल डाव्या हाताने उचलून बघायचा आणि ठेवून द्यायचा.

सप्टेंबरात गॉसचं पत्र आलं. पोस्टकार्ड नव्हे, पत्र. 'तुमचा नंबर लागला आहे. ज्यावर काम करायचं ते पिस्तूल घेऊन या. मी हात बघितल्याशिवाय काम धरत नाही.' हे पत्र एव्हरेटने दोन आठवडे कोणाला दाखवलं नाही. मला कळलं ते आयलीनकडून. ती किराण्याच्या दुकानात भेटली आणि म्हणाली, "त्याला घेऊन जा कुठेतरी, मर्ल. घरात बसून माझ्या भाज्यांच्या फोडी मोजतो."

शनिवारी मी विषय काढला. एव्हरेट कपाकडे बघत म्हणाला, "जाऊन काय करू? हात बघायला बोलावतोय तो. आहे का दाखवण्यासारखा?"

वीडमन लगेच पुढे सरकला. "तुला नको असेल तर नंबर मला दे. मी यादीत आहेच, पण माझा यायला अजून सात वर्षं. तोवर माझेच दात पडतील."

"घे, दिला," एव्हरेट म्हणाला.

"असा तोंडी चालणार नाही. गॉस विचित्र माणूस आहे. तू स्वतः जाऊन सांगितलंस तर मान्य करेल."

वीडमनचा स्वभाव वाईट नाही. त्याला पिस्तुलांचं वेड आहे एवढंच. पण त्या क्षणी मला त्याच्या कॉफीत साखरेऐवजी मीठ घालावंसं वाटलं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी एव्हरेटला घेऊन निघालो. त्याच्या मांडीवर एका जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं त्याच्या काकांचं पिस्तूल होतं, लढाईवरून परत आणलेलं, निळं पॉलिश उडून करडं झालेलं. दहा वर्षांपूर्वी त्याने तेच गॉससाठी राखून ठेवलं होतं. "आता याला परत कपाटात ठेवायचं," तो म्हणाला. "फक्त नंबर वीडमनच्या नावावर करून येऊ." रात्री आम्ही वाटेतल्या एका मोटेलात झोपलो, सकाळी पांढऱ्या ग्रेव्हीत बुडवलेली, पावासारखी मऊ बिस्किटं खाल्ली आणि नऊच्या सुमाराला डोंगरातल्या मातीच्या रस्त्याने गॉसच्या दारात पोचलो.

थर्मन गॉस पंच्याहत्तरीचा, उंच, किंचित वाकलेला, खिशात कानशीच्या मुठी कोंबलेला माणूस निघाला. त्याची कार्यशाळा म्हणजे घरामागची पत्र्याची खोली. उत्तरेला मोठी खिडकी, खिडकीखाली बाक, बाकावर काम घट्ट धरून ठेवणारा लोखंडी शेगडा आणि त्यात कोणाच्या तरी पिस्तुलाची उघडी चौकट आवळलेली. त्याने आमचे हात हातात घेतले, एव्हरेटचा उजवा जरा जास्त वेळ धरला आणि ओल्या शाडूचा एक गोळा पुढे केला.

"दाबा."

"त्याची गरज नाही," एव्हरेट म्हणाला. "मी नंबर सोडायला आलोय. माझा एक मित्र आहे, वीडमन..."

"वीडमन मला माहीत आहे. त्याची चार झाली. दाबा."

एव्हरेटने उजव्या हाताने दाबला. शाडूवर बोटांच्या जेमतेम खुणा उठल्या, उशीवर मांजर बसून गेल्यासारख्या. गॉसने तो गोळा बाजूला ठेवला आणि दुसरा दिला. "आता डावा."

"डाव्याने मी कधी एक गोळी झाडलेली नाही."

"ते मी विचारलं का?"

एव्हरेटने दाबला. जरा रागानेच दाबला असावा, कारण शाडू बोटांच्या फटींतून बाहेर आला. गॉस तो गोळा खिडकीपाशी घेऊन गेला आणि फिरवून फिरवून बघू लागला. "चांगला हात आहे. वाईट सवयी लागलेल्या नाहीत. तुमच्या उजव्याला चाळीस वर्षांच्या असतील."

"तुम्ही माझी कीव करताय."

"माझ्या यादीत ऐंशी माणसं आहेत. कीव करायला सवड कुठून काढू?" गॉसने काकांचं पिस्तूल टॉवेलातून काढलं, नळी रिकामी असल्याचं मला दाखवलं आणि उघडलं. "सेफ्टीचा खटका उजवीकडे घेईन, डाव्या अंगठ्याखाली येईल असा. स्लाइडची कळसुद्धा. मूठ डाव्या तळव्याच्या मापाने पातळ करीन. चौदा महिने लागतील. डावा हात तयार करायला तुम्हालाही तेवढेच लागतील. विचार करा. मी तोवर हातातलं संपवतो."

तो बाकाशी बसला आणि शेगड्यातल्या चौकटीवर रेघा घासू लागला. मला वाटलं होतं एव्हरेट बाहेर जाऊन गाडीत बसेल. पण तो तिथेच स्टुलावर टेकला. कानस पुढे जायची, उचलली जायची, पुन्हा पुढे. खोलीत तो एकच आवाज होता, एकसारखा, उंदीर कुरतडतो तसा बारीक. पोलादाचा कीस बाकावर पिठासारखा पडत होता. गॉस प्रत्येक रेघेनंतर तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचा, मग पुढची घ्यायचा. तासभर तरी आम्ही तसे बसलो. मला कंटाळा आला नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत रिकामी बस धुताना असं वाटायचं मला.

मग एव्हरेट उठला. बाकाच्या कोपऱ्याशी जाऊन तो वाकला, एक डोळा मिटला आणि चौकटीच्या कडेवरून रेघांच्या दिशेने बघू लागला. शेताच्या कडेला दुर्बीण लावून उभा असायचा तसाच. थोड्या वेळाने तो सरळ झाला. त्याचा चेहरा बघून मला कळलं की त्याला काहीतरी दिसलंय आणि ते आपण पाहिलं नसतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटतंय.

"काय?" गॉसने मान वर न करता विचारलं.

"काही नाही."

"सर्व्हेअर होतात ना तुम्ही? पत्रात लिहिलं होतंत."

"हो."

"मग सर्व्हेअरसारखं सांगा."

एव्हरेटने चौकटीकडे बोट केलं. "डावीकडून चौथी आणि पाचवी. वर चापाच्या कमानीजवळ एकमेकींकडे येतात. केसभर. त्याहूनही कमी."

कानस थांबली. गॉसने भिंग लावून बघितलं, मग भिंग काढून बघितलं, मग डोळे मिटून नख फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिला. शेवटी त्याने कानस खाली ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसला. बाहेर त्याच्या कोंबड्या ओकच्या पानांत काहीतरी उकरत होत्या.

"यंदाच्या जानेवारीपासून," तो म्हणाला, "उजव्या डोळ्याच्या मागच्या पडद्याचं दुखणं आहे. मधोमध डाग. सरळ रेघ मला वाकडी दिसते. मी ती दुरुस्त करायला जातो आणि खरंच वाकडी होते. नखावर काम चालवत होतो. वाटत होतं, नखाला कळतंय." कानस एका बोटाने लांब ढकलून तो म्हणाला, "यंदाची सहा गेली इथून. कोणी काही बोललं नाही."

"कोणाला दिसलं नसेल," मी म्हणालो.

"याला दिसलं."

गॉस उठून कॉफी करायला गेला. आम्ही तिघे बाकाशी उभ्यानेच प्यायलो. कॉफी इतकी कडू होती की मी न विचारता त्याच्या कपाटातून साखर काढून घेतली.

एव्हरेट डाव्या हाताचा अंगठा त्या चौकटीवरून फिरवत होता. "मिस्टर गॉस, एका इंचात वीस रेघा केल्या तर?"

"वीस? ते सैन्यातलं काम. शेतकरी कुंपणाचा खांब पकडेल तसलं."

"पण वीसची खाच खोल असते. नखाला नीट कळेल ना?"

"वीसची मला अंधारातही कळेल." गॉसने कप खाली ठेवला. "लोक तीससाठी दहा वर्षं थांबतात, मिस्टर स्लोन."

"दहा वर्षं मी थांबलोय. मला विचारा." एव्हरेटने आपला उजवा हात वर केला आणि परत खाली घेतला. "तीस रेघा डोळ्यांसाठी असतात. मला आता हातासाठी हव्यात. या डाव्याला धरायला काहीतरी लागणार आहे. तुम्ही वीस घासा, मी नंबर सोडत नाही."

गॉस शेगड्याजवळ गेला, ती दुसऱ्याची चौकट सोडवली आणि खिडकीत धरली. "यावरसुद्धा वीसच घालाव्या लागतील," तो म्हणाला. "तीसच्या रेघा त्यात बुडून जातील. मालकाला फोन करून सांगावं लागेल." मग त्याने दुसरा शाडूचा गोळा उचलला, एका डब्यात ठेवला आणि डब्यावर पेन्सिलीने लिहिलं: स्लोन, डावा.

परतीच्या वाटेवर एव्हरेट म्हणाला, "मी बोललो नसतो तर बरं झालं असतं का रे?"

"तुला गप्प बसता आलं असतं का?"

"नाही."

"मग झालं की."

नोव्हेंबरात गॉसने यादीतल्या सगळ्यांना पत्र पाठवलं. डोळ्यांचं खरं कारण लिहिलं, यापुढे वीसच रेघा मिळतील असं लिहिलं, ज्यांना चालणार नाही त्यांनी कळवावं, मी राग मानणार नाही. अकरा जणांनी नाव काढून घेतलं. आधी गेलेल्या सहा पिस्तुलांच्या मालकांना वेगळं पत्र गेलं, परत पाठवा, पुन्हा करून देतो. एकानेच पाठवलं. हे सगळं मला एव्हरेटकडून कळायचं, कारण आता पोस्टकार्डांऐवजी त्या दोघांची पत्रं सुरू झाली होती. एव्हरेट डाव्या हाताने लिहायचा. अक्षर पहिलीतल्या मुलाचं, पण महिन्यागणिक सुधारत गेलं.

माझ्याकडे एक जुनं बावीस बोरचं पिस्तूल होतं. ते त्याला दिलं. पहिल्या शनिवारी त्याच्या दहातल्या चार गोळ्या कागदाला लागल्या, आणि त्यातली एक माझ्या कागदाला. वीडमन म्हणाला, "मर्ल, तुझा स्कोर सुधारला." एव्हरेट हसला. झटक्यानंतर त्याला क्लबात हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्याने नेम नाही सोडला. घरी रोज वीस मिनिटं रिकामं पिस्तूल भिंतीवरच्या खिळ्यावर धरून उभा राहायचा. आयलीनने त्या खिळ्याला घड्याळ लावून टाकलं, तर तो घड्याळावर धरायला लागला.

चौदा म्हणता म्हणता सोळा महिने झाले. पार्सल फेब्रुवारीत आलं. शनिवारी एव्हरेटने ते हिरव्या कापडावर ठेवलं तेव्हा खोलीत कोणी खुर्ची हलवली नाही. काकांचं करडं पिस्तूल ओळखू येत नव्हतं. निळं इतकं गडद की काळं वाटावं आणि खिडकीकडे वळवलं की निळं व्हावं. मुठीच्या फळ्या साध्या अक्रोडाच्या. आणि पुढच्या अंगाला रेघा, रुंद, खोल, उघड उघड दिसणाऱ्या.

वीडमनने नळी रिकामी असल्याचं दाखवलं, भिंग काढलं आणि मोजलं. "वीस," तो म्हणाला, जसं एखाद्याच्या तोंडात कीड सापडावी. मग त्याने पिस्तूल उजव्या हातात घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "बसत नाही हातात."

"तुझ्या हातासाठी नाहीच ते," मी म्हणालो.

त्याने ते डाव्या हातात घेतलं. बोटं मुठीभोवती मिटली आणि तो तसाच उभा राहिला. आमच्यात वीडमनला गप्प करणं सोपं नाही. त्याने हात थोडा पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. "हं," तो म्हणाला. "चिकटून बसतं." मग भिंग खिशात टाकून त्याने पिस्तूल एव्हरेटकडे दिलं, दोन्ही हातांनी.

त्या दिवशी एव्हरेटने शंभरपैकी एकाहत्तर काढले. उजव्या हाताच्या काळात तो नव्वदच्या खाली गेला की दुपारभर बोलायचा नाही. एकाहत्तरचा आकडा त्याने क्लबच्या वहीत स्वतः लिहिला, कागद भिंतीवरून काढला, चौघडी करून शर्टाच्या खिशात घातला आणि म्हणाला की हा आर्कान्साला पाठवायचाय, पाकीट आहे का कोणाकडे. पाकीट वीडमनच्या गाडीत निघालं, दातांच्या चित्राचं. पुढच्या शनिवारी त्याचे अडुसष्ट झाले. त्याच्या पुढच्या शनिवारी खाणीच्या रस्त्यावर बर्फ साचलं होतं, म्हणून आम्ही नेम न मारता नुसतेच बसलो. पिस्तुलं टेबलावर होती, आणि एव्हरेटचं त्या दिवशी प्रत्येकाने एकेकदा डाव्या हातात घेऊन बघितलं.